चालवणारा वेगळा, थांबवणारा वेगळा: अणुवीज केंद्रातलं नियंत्रण

मोहोळकडच्या एका साखर कारखान्यात को-जनच्या (साखरेबरोबर वीजही तयार करणाऱ्या विभागाच्या) बॉयलरवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन असलेल्या तरुणाने विचारलं आहे: "गेल्या हंगामात आमच्या कंट्रोल रूममधली स्क्रीन चार मिनिटं गोठली. आकडे दिसत होते, पण जुनेच. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची खरी लेव्हल बघायला आम्ही जिन्याने वर पळालो आणि गेज ग्लासवर, म्हणजे पाणी थेट दाखवणाऱ्या काचेवर, बॅटरी मारली, तेव्हा कुठे कळलं. बॉयलरचं हे असं, मग अणुवीज केंद्रात असं झालं तर? तिथे रिॲक्टर माणूस चालवतो की कॉम्प्युटर?"

जड पाण्याच्या (जड हायड्रोजन असलेलं पाणी वापरणाऱ्या) रिॲक्टरांवर कंट्रोल मेंटेनन्समध्ये माझी तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर सोलापुरात घरी परतलो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण स्क्रीनवर विश्वास न ठेवता जिना चढणाऱ्या माणसाला निम्मं उत्तर आधीच ठाऊक असतं.

तर, रोजचं चालवणं कॉम्प्युटर करतो. माणूस त्यावर लक्ष ठेवतो आणि पॉवर किती हवी ते ठरवतो. थांबवायला मात्र या दोघांचीही वाट बघावी लागत नाही. ते काम तिसऱ्याच यंत्रणेकडे असतं. तिचे सेन्सर वेगळे, केबल वेगळ्या, पॅनेलही वेगळं. हे वेगळेपण नीट कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

रिॲक्टरमध्ये युरेनियमचा अणू फुटतो, त्यातून दोन-तीन न्यूट्रॉन निघतात आणि त्यातला सरासरी एक पुढचा अणू फोडतो. बरोबर एक असेल तर पॉवर स्थिर राहते. एकाहून किंचित जास्त असेल तर पॉवर चढते. जड पाण्याच्या रिॲक्टरमध्ये एका पिढीपासून दुसऱ्या पिढीपर्यंत साधारण सेकंदाचा हजारावा भाग जातो. आता समजा, हजारामागे फक्त एक न्यूट्रॉन जास्तीचा झाला. सगळे न्यूट्रॉन अणू फुटताक्षणीच जन्मत असते, तर पॉवर दर सेकंदाला २.७ पट झाली असती, म्हणजे दहा सेकंदांत वीस हजार पटींच्या वर. अशा वेगापुढे कुठलीही मोटर, कुठलीही झडप पुरी पडली नसती.

निसर्गाने इथे एक सोय ठेवली आहे. युरेनियम-२३५ फुटतो तेव्हा दर हजार न्यूट्रॉनांमागे साडेसहाच्या आसपास न्यूट्रॉन उशिरा येतात. ते फुटलेल्या तुकड्यांमधून, काही सेकंदांनी, काही तर मिनिटभराने बाहेर पडतात. ब्रोमिन-८७ हा त्यातला एक तुकडा, त्याचं अर्धआयुष्य ५५ सेकंदांचं. या मूठभर उशिरा येणाऱ्यांमुळे तेवढ्याच वाढीला एका सेकंदाऐवजी मिनिटभर लागतं. आमचं सगळं कंट्रोल या मिनिटभरात बसतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ट्रेनिंगमध्ये हे शिकलो, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. हे साडेसहा नसते तर अणुवीज नावाची गोष्टच नसती.

आता चालवण्याकडे येऊ. तारापूरचं ३ आणि ४ नंबरचं युनिट ५४० मेगावॅटचं आहे आणि काकरापारची नवी युनिटं ७०० मेगावॅटची. त्यांच्या रिॲक्टरमध्ये चौदा कप्पे असतात आणि त्यांत चक्क साधं पाणी असतं. बाहेर सगळीकडे जड पाणी आणि या कप्प्यांत साधं. साधं पाणी न्यूट्रॉन जास्त गिळतं, म्हणून कप्प्यातली पातळी वाढवली की त्या भागातली पॉवर उतरते आणि पातळी कमी केली की चढते. न्यूट्रॉन मोजणाऱ्या डिटेक्टरांचे सिग्नल कॉम्प्युटर घेतो, हव्या असलेल्या पॉवरशी ताडून बघतो आणि चौदा झडपा किंचित इकडे-तिकडे करतो. म्हणजे तुमच्यासारखंच लेव्हल कंट्रोल! तुमच्याकडे लेव्हल राखायची असते, इथे लेव्हल हलवून पॉवर राखायची असते. कप्पे चौदा, कारण इंधन भरलेल्या एवढ्या मोठ्या गाभ्यात एका कोपऱ्यात पॉवर फुगून दुसऱ्यात उतरू शकते. एकूण आकडा बरोबर दिसतो आणि आत एक बाजू भाजत असते. २२० मेगावॅटच्या लहान रिॲक्टरांत हे काम न्यूट्रॉन गिळणारे रॉड वर-खाली करून होतं.

बॉयलरची लेव्हल, फीडवॉटर, वाफेचा दाब हे सगळं तुम्ही रोज करता तसंच आहे. वाफेची मागणी अचानक वाढली की पाणी कमी होत असताना लेव्हल वर गेल्यासारखी दिसते, तो फसवा फुगवटा आमच्याकडेही येतो. त्यावर इलाजही तोच. लेव्हलबरोबर वाफेचा आणि पाण्याचा प्रवाह, असे तिन्ही सिग्नल एकत्र घ्यायचे. यावर जास्त लिहीत नाही.

थांबवण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. त्यासाठी आधी आपल्या सोलापुरातल्या मागापाशी जाऊ.

माझं बालपण साखर पेठेत गेलं, वडील मागावर होते. त्या काळच्या साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला की विणकराच्या नजरेला दिसेल तेव्हाच माग थांबायचा. तोवर चादरीत उभी चीर पडलेली असायची. पुढे टॉवेलच्या कारखान्यांत चांगले माग आले. त्यांत ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकलेली असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की ती स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि माग थांबतो. सुट्टीला आलो असताना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका मित्राच्या कारखान्यात मी हे पहिल्यांदा जवळून पाहिलं. हजारो पट्ट्या दाटीवाटीने उभ्या होत्या. त्यातली एक टिचकन पडली आणि एवढा मोठा माग जागच्या जागी थबकला.

रिॲक्टर थांबवणारे आमचे शटऑफ रॉड बरेचसे असेच. ५४० आणि ७०० मेगावॅटच्या रिॲक्टरवर असे २८ रॉड असतात. पोलादी नळीत कॅडमियम, आणि कॅडमियम न्यूट्रॉन अधाशासारखे गिळतं. प्रत्येक रॉड पोलादी दोरीने वर टांगलेला असतो. दोरी ड्रमवर गुंडाळलेली, आणि ड्रम व मोटर यांच्यामध्ये विद्युतचुंबकाचा क्लच. क्लचला करंट मिळतो आहे तोवरच रॉड वर राहतो. करंट गेला की ड्रम मोकळा सुटतो आणि रॉड आपल्या वजनाने दोन-तीन सेकंदांत गाभ्यात जातो. कंट्रोल रूममध्ये त्या पडण्याचा आवाज येत नाही. पॅनेलवरचे २८ दिवे बदलतात, पॉवरचा काटा खाली येतो आणि मग अलार्म वाजू लागतात. बंद काळात आम्ही एकेक रॉड पाडून त्याची वेळ रेकॉर्डरच्या कागदावर मोजायचो. एखादा रॉड सेकंदाच्या दहाव्या भागानेही रेंगाळला, तर कारण सापडेपर्यंत तो विषय सुटायचा नाही.

पण माग आणि रिॲक्टर यांच्यात एक फरक आहे आणि तो नीट बघा. त्या विजेच्या मागात पट्टी पडल्यावर सर्किट पूर्ण होतं, करंट वाहतो आणि मग माग थांबतो. म्हणजे थांबायला करंट लागतो. थांबवणाऱ्या सर्किटची तारच तुटलेली असेल तर धागा तुटूनही माग चालत राहील. चादरीचं नुकसान होईल, एवढंच. रिॲक्टरमध्ये हे उलटं असतं. तिथे चालू राहायला करंट लागतो. प्रत्येक सेन्सर, प्रत्येक रिले (विजेने चालणारा स्विच) सतत "ठीक आहे, ठीक आहे" असं सांगत असतो. तार तुटली, फ्यूज उडाला, कार्ड मेलं, वीज गेली, काहीही झालं तरी ते "ठीक आहे" थांबतं आणि रॉड पडतात. थांबायला कुणाची परवानगी लागत नाही. चालू राहण्याची परवानगी क्षणाक्षणाला मिळवावी लागते.

एवढ्यावर भागवत नाहीत. रॉड अडकले तर? म्हणून थांबवण्याची दुसरी यंत्रणा असते आणि ती मुद्दाम वेगळ्या तत्त्वावर केलेली असते. मोठ्या रिॲक्टरांत न्यूट्रॉन गिळणारं गॅडोलिनियम नायट्रेटचं द्रावण हेलियमच्या दाबाने जड पाण्यात फवारलं जातं. २२० मेगावॅटच्या रिॲक्टरांत लिथियम पेंटाबोरेटचं द्रावण उभ्या नळ्यांमध्ये चढतं. ही जोडी पहिल्या रिॲक्टरइतकीच जुनी आहे. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत एन्रिको फर्मींनी पहिली साखळी प्रक्रिया चालवली, तेव्हा एक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा होता, आणीबाणीच्या रॉडची दोरी तोडायला. आणि वर तिघं जण कॅडमियमच्या द्रावणाची भांडी घेऊन तयार होते, रॉड चालले नाहीत तर ओतायला. आजही दोरी आहे आणि द्रावणही आहे. कुऱ्हाडीची जागा क्लचने घेतली.

आता तुम्ही विचाराल, प्रत्येक तुटलेल्या तारेला रिॲक्टर बंद पडायला लागला तर वीज कधी तयार होणार? म्हणून प्रत्येक महत्त्वाची गोष्ट तीन स्वतंत्र चॅनेलवर, म्हणजे सेन्सर आणि तारांच्या तीन वेगळ्या साखळ्यांवर, मोजतात आणि तीनपैकी दोन चॅनेलनी "थांब" म्हटलं तरच रॉड पडतात. एक खोटं बोलला तर रिॲक्टर चालू राहतो. एक मुका झाला तरी उरलेले दोघे राखण करतात. शिवाय चालत्या रिॲक्टरवर एकेक चॅनेल तपासता येतो. दुरुस्तीला घेतलेला चॅनेल मात्र "ट्रिप" स्थितीत, जणू तो "थांब" म्हणतोच आहे असा ठेवायचा, म्हणजे उरलेल्या दोघांपैकी एकानेही हाक दिली की काम होतं.

याच नियमाने मी एकदा रिॲक्टर पाडला आहे. केंद्र कोणतं ते सांगत नाही. न्यूट्रॉन मोजणाऱ्या एका चॅनेलचा कनेक्टर खराब झाला होता, म्हणून तो ट्रिपमध्ये टाकून आम्ही काम करत होतो. काम झालं, शेजारच्या पॅनेलमधून एक ड्रॉइंग काढलं आणि दार लावलं. ते नेहमीपेक्षा जोरात लागलं. त्या धक्क्याने आतल्या एका रिलेचा कॉन्टॅक्ट क्षणभर सुटला. एक चॅनेल आमचा, एक त्या रिलेचा, झाले दोन. रॉड पडले. रिॲक्टरला काहीही झालेलं नव्हतं आणि यंत्रणेने अगदी बरोबर केलं होतं. चूक दार लावणाऱ्या हाताची होती, आणि तो हात माझा होता. दिवसभर शिफ्टमधल्या कुणाकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

पाडलेला रिॲक्टर लगेच उचलता येत नाही. चालत्या रिॲक्टरमध्ये आयोडीन-१३५ पासून झेनॉन-१३५ तयार होत असतो. हा झेनॉन न्यूट्रॉन इतके गिळतो की दुसऱ्या कशाशी तुलनाच नाही. रिॲक्टर चालू असताना न्यूट्रॉनच त्याला संपवत राहतात. रिॲक्टर थांबला की झेनॉन साचत जातो. साधारण अर्ध्या तासात परत चालू केला नाही तर मग दीड दिवस थांबावं लागतं, झेनॉन आपोआप विरेपर्यंत. २२० मेगावॅटचं युनिट दीड दिवस बंद म्हणजे ऐंशी लाख युनिटांच्या घरात वीज गेली. त्या अर्ध्या तासात "कारण सापडलं, चालू करूया" असं म्हणण्याचा मोह फार मोठा असतो. आमच्या शिफ्ट इनचार्जनी त्या दिवशी शांतपणे सांगितलं, "पूर्ण कारण लिहून द्या, मग बघू." अर्धा तास उलटला. आम्ही दीड दिवस थांबलो. आज मला ते शंभर टक्के बरोबर वाटतं. म्हणूनच कर्नाटकातल्या कैगाचं पहिलं युनिट १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत ९६२ दिवस अखंड चाललं, ते वाचून मला त्यात सर्वांत आधी दिसले ते अडीच वर्षं रोज चॅनेल तपासणारे आणि दारं हळू लावणारे हात.

आता तुमच्या गोठलेल्या स्क्रीनकडे वळू. सिग्नल मेला तर ते कळतं. म्हणून तर आपण सिग्नलसाठी ४ ते २० मिलीअँपिअर करंट वापरतो. सर्वांत कमी आकड्यालाही ४ असतो, म्हणून शून्य आलं म्हणजे तार तुटली. पण जुनाच आकडा खरा म्हणून समोर दिसत राहिला तर माणूस त्यावर निर्णय घेतो. सगळ्यांत घातक तेच. चालवणाऱ्या कॉम्प्युटरची जोडी असते. एक चालवतो, दुसरा तेच गणित करत तयार बसतो. प्रत्येकाने ठरावीक वेळात एक पल्स द्यायचाच, तो चुकला की रिले सुटतो आणि कारभार दुसऱ्याकडे जातो. दोघेही बसले तरी पॉवर वर जायची नाही अशी व्यवस्था असते. थांबवणाऱ्या यंत्रणेला तर त्या स्क्रीनचा पत्ताच नसतो. ती थेट स्वतःच्या सेन्सरवरून निर्णय घेते. शिवाय महत्त्वाच्या आकड्यांसाठी पॅनेलवर थेट तारेने जोडलेले मीटर असतात. तुमचा गेज ग्लास तुम्हाला जिना चढून बघावा लागला. आमच्याकडे तो कंट्रोल रूममध्येच आणलेला असतो.

तरी चूक होते. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडमध्ये दाब सोडणारी एक झडप उघडली आणि बंदच झाली नाही. पॅनेलवरचा दिवा मात्र ती बंद आहे असं दाखवत होता. कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता, तर झडपेला दिलेला हुकूम दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं. त्यात प्रेशरायझरची (रिॲक्टरच्या पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीची) लेव्हल उलट चढलेली दिसत होती, म्हणून ऑपरेटरांनी आणीबाणीचं पाणीही कमी केलं. शेवटी गाभ्याचा मोठा भाग वितळला. हुकूम दिला म्हणजे काम झालं, असं पॅनेलने कधी सांगू नये. झडपेच्या दांड्यावर लिमिट स्विच (दांडा खरंच जागेवर पोचला की चालणारा स्विच) लावा आणि त्याचाच दिवा पेटवा. तुमच्या बॉयलरवर असा एखादा दिवा आहे का, ते बघाच.

आणखी एक गोष्ट बॉयलरवाल्याला लवकर पटत नाही. बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) फीडर बंद केला की तुमची आग विझते. फताटेवाडीच्या एनटीपीसीतही कोळसा तोडला की भट्टी उतरते. रिॲक्टर थांबवला तरी आतली उष्णता थांबत नाही. रॉड पडताक्षणी पूर्ण औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता उरते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्धा टक्का. आकडा लहान दिसतो, पण ती काढली नाही तर इंधन वितळायला पुरेशी असते. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप होताच चालू रिॲक्टर व्यवस्थित थांबले होते. घात केला तो नंतर वीज गेल्याने. तिथल्या माणसांनी पाण्याची लेव्हल वाचण्यापुरती वीज मिळावी म्हणून गाड्यांच्या बॅटऱ्या काढून मीटरना जोडल्या.

त्याच्याही १८ वर्षं आधी आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीज केंद्रात हे घडलं होतं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली, हादऱ्यांनी जनरेटरचा हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि आग केबलवर गेली. मुख्य आणि राखीव अशा दोन्ही पुरवठ्यांच्या केबल एकाच वाटेने गेल्या होत्या. दोन्ही जळाल्या. जवळपास १७ तास युनिटमध्ये वीज नव्हती आणि कंट्रोल रूम धुराने भरली होती. रिॲक्टर आधीच थांबवला होता. तरी तो पुन्हा जागा होऊ नये म्हणून काही जण हातात बॅटरी घेऊन, अंधारात जिने चढून वर गेले आणि हाताने झडपा उघडून न्यूट्रॉन गिळणारं बोरॉनचं द्रावण आत सोडलं. अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी बॉयलरना पाणी दिलं. कुणाला इजा झाली नाही, किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. त्यानंतर आमच्या पिढीने वर्षानुवर्षं केबलच्या वाटा वेगळ्या केल्या, भिंतीतली भोकं आगरोधक लेपाने बुजवली, केबलच्या ट्रेमध्ये आगीला अडथळे घातले. कंटाळवाणं, धुळीचं काम. पण तीन चॅनेल एकाच ट्रेमधून गेले तर तो एकच चॅनेल, हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, त्या कामाने शिकवलं.

तुम्ही जिना चढून गेज ग्लासवर बॅटरी मारली, म्हणून मला त्या माणसांची आठवण झाली.

हंगाम संपला आणि बॉयलर थंड पडला की एक करा. मॅनेजरची लेखी परवानगी घ्या आणि ड्रमच्या लो-लो लेव्हल ट्रिपच्या (पाणी फारच खाली गेलं की बॉयलर थांबवणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची एक तार सोडवा. ट्रिप झाली तर उत्तम. काहीच झालं नाही, तर तुमची यंत्रणा थांबायला करंट मागते आहे. मग ड्रॉइंग घेऊन बसा, तो सिग्नल स्क्रीनच्या कॉम्प्युटरमधून जातो की थेट तारेने, हे पेन्सिलने शोधत जा, आणि काय सापडलं ते मला नक्की कळवा.